आगोटीचं खारं पाणी

पहाटे ४.१५

कणकवलीतली एक गल्ली. छोटा हत्ती उभा आहे, हौद्यात सोळा निळे कॅन, प्रत्येकी पस्तीस लिटरचे. गाडीचा मालक टॉर्च तोंडात धरून एकेक झाकण उघडतो आणि कॅन नाकाशी नेतो. कसलाच वास यायला नको. साबणाचा नको, तेलाचा तर मुळीच नको. एका कॅनबद्दल शंका आली, तो विहिरीच्या पाण्याने दोनदा विसळून परत ठेवला.

खाद्यतेलाचे रिकामे कॅन दीडशेला मिळतात. नवा साडेचारशेला पडतो. त्याने सगळे नवे घेतलेत. तेलाचा अंश राहिला तर स्किमरमध्ये फेस धरत नाही, असं तो सांगतो. स्किमर म्हणजे काय ते दुपारी दाखवतो म्हणाला.

चाळिशीतला माणूस आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मागे माशांच्या दुकानात नोकरी केली, मग गावी परतला. आता कणकवली आणि आसपासच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो. हॉटेलं, दवाखाने, दोन-तीन बंगले. गोड्या पाण्याच्या टाक्याही आहेत, पण त्यांना कोणीही सांभाळू शकतो असं त्याचं म्हणणं. कणकवलीला समुद्र नाही. गड आणि जानवली या दोन नद्या आहेत, महामार्ग आहे, रेल्वे स्टेशन आहे. समुद्र आणावा लागतो.

५.२०

कलमठ, रामगड करत आचऱ्याला पोहोचलो. तीस-पस्तीस किलोमीटर. अर्धा चंद्र डोक्यावर आहे. आज वद्य अष्टमी. भरतीचा हिशेब इथल्या लोकांच्या तोंडावर असतो : तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं.

अष्टमी त्याने मुद्दाम निवडली आहे. पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाणी जोरात चढतं-उतरतं आणि तळाची वाळू ढवळून काढतं. अष्टमीला भांगाची भरती. पाणी कमी चढतं, कमी ढवळतं. आणि ओहोटीला भरायचं नाही, कारण तेव्हा खाडीचं पाणी बाहेर येतं. म्हणून गाडी खाडीच्या मुखापासून लांब, उघड्या किनाऱ्यावर लावली.

मदतीला किनाऱ्यावरचा एक तरुण आहे. चारशे रुपये आणि चहा. दोघं कमरेएवढ्या पाण्यात जातात. पंधरा लिटरची प्लास्टिकची बादली लाटेच्या मागे बुडवायची, उचलायची, वाळूतून गाडीपर्यंत आणायची, कॅनवरच्या मोठ्या नरसाळ्यात ओतायची. नरसाळ्यावर मांजरपाटाचे दोन पदर बांधलेत. सोळा कॅन भरायला सदतीस-अडतीस बादल्या लागतात. मी विचारलं, पंप का नाही? पंपाचे आतले भाग पितळेचे, तांब्याचे असतात. तांबं थोडं जरी पाण्यात उतरलं तरी कोळंबी, शंख, खेकडे मरतात. त्यामुळे बादलीच.

"चल रे, भरती थांबाची नाय," तो त्या पोराला म्हणतो. पोरगा हसतो आणि दोन बादल्या एकदम उचलतो. थोड्या अंतरावर रापणीची होडी बाहेर पडते आहे. रापणकरांना या दोघांचं आता नवल राहिलेलं नाही.

प्रत्येक तीन-चार कॅननंतर कापड उलटं करून झटकतो. वाळू, शेवाळाचे तुकडे, पारदर्शक बारीक जीव. शेवटी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढतो. काचेवर एक थेंब, झाकण, आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. क्षारता ३५. हजार भागांत पस्तीस भाग मीठ. मलाही बघायला दिलं. निळ्या-पांढऱ्याची रेघ बरोबर आकड्यावर होती.

भरलेला कॅन छत्तीस किलोंचा होतो. हौद्यात साधारण पावणेसहाशे किलो समुद्र.

७.४५

घराच्या मागे तीन काळ्या टाक्या. दोन हजार-हजार लिटरच्या, एक पाचशेची. काळ्या यासाठी की उजेड आत गेला तर शेवाळ धरतं. कोकणात मे महिना म्हणजे आगोटीची तयारी. अंगणात एका बाजूला आमसुलं वाळत आहेत, पडवीत लाकडं रचून झाली आहेत, सुक्या मासळीचे डबे भरले आहेत. याची बेगमी पाण्याची. जून लागला की समुद्र गढूळ होतो, नद्या-खाड्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याजवळची क्षारता उतरते. तेव्हा पाणी आणून उपयोग नाही. चार महिने याच टाक्यांवर काढायचे.

नाहीतर मीठ विकत घ्यायचं. मत्स्यालयाचं तयार मीठ मिळतं, किलोला दोन-अडीचशे रुपये. आज आणलं तेवढं पाणी घरी बनवायचं तर वीस किलो मीठ लागेल. म्हणजे चार ते पाच हजार. आजची खेप डिझेल आणि मजुरी धरून आठशेच्या आत बसली. खांद्यांचे पैसे तो धरत नाही.

पाणी टाकीत चढलं. मग मापाच्या नळीने सोडियम हायपोक्लोराईट, साधारण शंभर मिलिलिटर. जे काही जंतू, अळ्या, परजीवी कापडातून सुटले असतील ते मरावेत म्हणून. हवेचा दगड रात्रंदिवस चालू. मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, टाकून क्लोरीन मारायचं आणि ओटी चाचणी करायची. ग्रामपंचायती नळाच्या पाण्याला करतात तीच : थेंब टाकल्यावर पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे. आजचं पाणी तीन-चार दिवस तरी कुठल्या टाकीत जाणार नाही. आज जे वापरायचं ते मागच्या खेपेचं, मुरलेलं.

त्याची आई चहा आणि घावणे आणून देते. उभ्या उभ्या खातो.

९.३०

पहिल्या मजल्यावरचा दातांचा दवाखाना. तीन फुटी टाकी, पाणी एकशेसाठ लिटर. दोन क्लाऊन मासे, एक साफसफाई करणारी कोळंबी, काही शंख. मासे टाकीत पैदास झालेले आहेत, समुद्रातून पकडलेले नाहीत. ऐरोलीला कांदळवन विभागाच्या केंद्रात क्लाऊन माशांची पैदास होते, दक्षिणेतही होते. पैदाशीचा मासा टाकीत लवकर रुळतो, खाणं ओळखतो. समुद्रातून धरलेला कित्येकदा आठवडाभर काही खातच नाही. तो आता समुद्रातले घेतच नाही.

काचेवर बाहेरून निळ्या चिकटपट्टीची रेघ आहे. पाणी त्या रेघेखाली गेलं की रिसेप्शनवरच्या ताईंनी आरओचं पाणी ओतायचं, रेघेपर्यंत. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. ही एवढी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. खाऱ्या टाकीत गोडं पाणी घालायला हात धजत नाही.

ताईंनी रेघ सांभाळली आहे. पंचवीस लिटर पाणी नळीने काढलं, वाळूतली घाण ओढून घेतली, जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडली, पंचवीस लिटर भरलं. चाळीस मिनिटं. महिन्याचे अठराशे, आठवड्याला एक फेरी.

११.१५

महामार्गालगतचं हॉटेल. मालवणला जाणारे पर्यटक इथे जेवायला थांबतात. दारातून आत शिरताच सहा फुटी टाकी. सहा बाय दोन बाय दोन, वाळू-दगड वजा जाता सहाशे लिटर पाणी. आणि ते पांढरट आहे. मागची भिंत दिसत नाही. मासे धुक्यातून येतात आणि धुक्यात जातात.

मालक वाटच पाहत होते. "भाऊ, संध्याकाळी साखरपुडा आहे वर हॉलमध्ये. चकाचक करून द्या. सगळं काढून धुऊन टाका. दोन माणसं देतो हाताखाली."

तो काही बोलत नाही. आधी माशांकडे बघतो. पाच मिनिटं नुसता उभा. कल्ले किती भरभर हलतात, मासे वरच्या थराला येऊन तोंड उघडतात का, कोपऱ्यात कोण दडलंय. मग परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकतो. पिवळं राहायला हवं ते हिरवट होतं. अमोनिया, लिटरला अर्धा मिलिग्रॅम. शून्य असायला हवा. रिफ्रॅक्टोमीटर ३८ दाखवतो. उन्हाळ्यात पाणी उडालं आणि कुणी भर घातली नाही.

"खाणं कुणी घातलं?"

वेटर एकमेकांकडे बघतात. परवा एका गिऱ्हाईकाच्या मुलांनी अर्धी डबी रिकामी केली होती. मुलं खूश होती, म्हणून कुणी अडवलं नाही.

मालक स्वतःच उपाय सुचवतात : "तुरटी फिरवू का? आमच्या विहिरीचं पाणी पावसात गढूळलं की आजी तुरटीच फिरवायची."

"नको. हात पण लावू नका."

मग तो समजावून सांगतो. विहिरीत असते माती. तुरटीने मातीचे कण एकत्र येतात आणि खाली बसतात. हे पांढरं म्हणजे माती नाही. उरलेलं खाणं कुजलं आणि त्यावर जिवाणू वाढले, पाण्यात तरंगणारे. तुरटीने पाण्याचा सामू घसरेल, ॲल्युमिनियम उतरेल, आणि मासे जातील. पाणी मात्र काचेसारखं होईल.

आणि सगळं धुऊन का नाही? कारण चांगले जिवाणू दगडांवर आणि फिल्टरच्या चिनीमातीच्या कड्यांवर बसलेत. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजक्या खाण्यातून अमोनिया होतो, हे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते पाणी बदलून काढता येतं. ही वस्ती बसायला दीड-दोन महिने लागतात आणि नळाखाली धुवायला दहा मिनिटं. खाऱ्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो आणि त्यात अमोनिया जास्त विखारी होतो. आज दगड धुतले तर साखरपुड्याला पाणी नितळ दिसेल. परवापर्यंत मासे तरंगतील.

मालकांना हे पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही. पण ते खुर्ची ओढून बसतात.

आता काम. आधी पंप आणि हीटर-पंख्यांच्या वायरी बंद. अर्ध्या इंची नळी, तोंडाने ओढ, बादलीत सोड. एका हाताने नळीचं रुंद टोक वाळूत खुपसायचं, वाळू उसळली की बोटाने नळी दाबायची, वाळू खाली बसते आणि घाण वर जाते. वीतभर पुढे. पुन्हा खुपसायचं. दगडांच्या फटीत कुजलेल्या खाण्याचे राखाडी गोळे सापडतात. ते चिमट्याने काढतो. पूर्ण तळ करत नाही, अर्धाच करतो. दोन स्पंजपैकी एकच धुतो, तोही टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच. काच फक्त समोरची. बाजूच्या दोन काचांवर हिरवा थर आहे तो तसाच ठेवतो. शेवाळ अमोनिया खातं, या दोन दिवसांत ते कामाला येईल.

मग स्किमर दाखवतो. कॅबिनेटच्या आत उभी नळकांडी. खालून पंप पाण्यात बारीक हवा मिसळतो, बुडबुड्यांचा खांब वर चढतो. तेलकट, प्रथिनांचा मळ पाणी आणि हवेच्या सीमेवर चिकटतो, फेसाबरोबर वर जातो आणि वरच्या कपात सांडतो. कपात गडद तपकिरी पाणी आहे, वासाने डोळ्यांत पाणी येईल असं. सकाळी आचऱ्याला लाटेच्या काठावर जो फेस वाळूत अडकला होता, तो याच जातीचा. समुद्र हे काम रोज स्वतःच करतो. गोड्या पाण्यात बुडबुडे इतके बारीक राहत नाहीत, म्हणून तिथे हे यंत्र चालत नाही.

कप धुतला, कडा कापसाने पुसल्या. कडेवर थर राहिला तर फेस वर चढायला वेळ लागतो.

पाच कॅन पाणी आत जाणार, पावणेदोनशे लिटर. एकदम ओतत नाही. कॅन तासभर सावलीत ठेवलेत, थर्मामीटरने दोन्हीकडे तापमान बघतो. टाकीत ३०, कॅनमध्ये २९. चालेल. लहान पंपाने चाळीस मिनिटांत चढवतो. क्षारता ३८ वरून लगेच ३५ वर आणायची नाही, माशांच्या शरीराला तो धक्का सोसत नाही. वीस लिटर आरओचं पाणी आज, थेंबाथेंबाने, बाकी दोन दिवसांत. कार्बनची नवी पिशवी, नवी फिल्टर वूल, अतिनील दिवा चालू.

काम चालू असताना मालक विचारतात, खरं प्रवाळ मिळेल का, मालवणहून? पर्यटकांना आवडेल.

नाही, प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ आहे त्याच यादीत. आणि मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य. टाकीतले दगड चिनीमातीचे आहेत, रंग आपोआप चढेल, वर्ष द्या. हे तो इतक्या सहज सांगतो की मालक पुन्हा विचारत नाहीत. मला ते बरं वाटलं. दुकानात कुणी तरी 'मॅनेज करतो' म्हणणारं भेटलं असतंच.

सव्वा दोन वाजता हात पुसतो. पाणी अजून पांढरटच आहे, थोडं कमी. तीन तास राबून डोळ्यांना दिसेल असा फरक फारसा नाही. हॉटेलचे महिन्याला सहा हजार मिळतात, पाणी आणि कार्बन त्यातच. एका अमोनिया चाचणीला चोवीस-पंचवीस रुपये पडतात, आज तीन केल्या.

"दोन दिवस खाणं बंद. एक दाणा पण नाही. डबी मी घेऊन जातो."

डबी खरंच खिशात घातली.

२.४५

घरी जेवण. भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. बोटांच्या पेरांवर मिठाने भेगा पडल्यात, पिठी लागली की झोंबतं. जेवून झाल्यावर खोबरेल लावतो आणि पडवीत पाठ टेकतो.

पडल्या पडल्या मत्स्यालयांविषयी बोलतो. मुंबईत सुट्टीच्या दिवशी तारापोरवालाला जायचा. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी उघडलेलं, मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर. लोक मासे बघायचे, हा काचेच्या कोपऱ्यांत शेवाळ किती आहे ते बघायचा. मग रत्नागिरीला, पेठकिल्ल्यातल्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय. तिथे देवमाशाचा मोठा सांगाडा आहे. त्याला मात्र तिथल्या टाक्यांमागची पाइपांची मांडणी आठवते.

४.००

बंगला. आजी एकट्या असतात, मुलगा आखातात. टाकी मुलाने बसवून दिली. महिन्याचे पंधराशे तोच पाठवतो.

"झिला, मासे उपाशी दिसतत रे," आजी दारातच म्हणतात.

"आजी, मासो उपाशी मरणा नाय. खावन मरता."

आजी पदराआडून वाटी काढतात. त्यात तिसऱ्यांचं मांस आहे, बारीक चिरलेलं, धुतलेलं. त्यांनी बाजारातून मुद्दाम आणलं. तो वाटीतून तीन चिमट्या टाकीत सोडतो, मासे तुटून पडतात, आजी काचेला नाक लावून बघतात. उरलेलं तो बर्फाच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. दिवसाआड एक खडा. टाकी उत्तम आहे, वीस लिटर बदललं की झालं.

५.५०

पूर्वेकडे सह्याद्रीवर आभाळ काळं झालंय. वळीव. पहिला गडगडाट झाला आणि वीज गेली.

आता त्याचा वेग बदलतो. वीज गेली की पंप बंद, हालचाल बंद, पाण्यात हवा मिसळत नाही. ३० अंशांना लिटरभर खाऱ्या पाण्यात जेमतेम सव्वासहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, गोड्यात साडेसात. त्यात दगडांवरचे जिवाणूही तोच ऑक्सिजन वापरतात. भरलेल्या टाकीत दोन-तीन तासांत मासे वर येऊन धापा टाकतात. हॉटेलला जनरेटर आहे. आजींकडे इन्व्हर्टर. दातांच्या दवाखान्यात काही नाही आणि तो सहाला बंद होतो.

पावसात गाडी काढली. ताई कुलूप लावतच होत्या. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीच्या कडेला अडकवला. चारशे रुपयांची वस्तू, दोन मोठे सेल. बुडबुडे सुरू झाले. सेल रात्रभर पुरतील. ताई छत्री धरून उभ्या राहिल्या, त्यांना घरी सोडून आम्ही निघालो.

८.३०

वीज आली. वही काढली. डिझेल ३७०. मजुरी ४००. चहा-पाणी ४०. फिल्टर वूल आणि कार्बन २६०. चाचण्या ७५. सेल १२०. जमेच्या बाजूला आज काहीच नाही, पैसे महिन्याच्या पाच तारखेला येतात. सगळ्या टाक्या मिळून महिन्याला किती येतात ते त्याने सांगितलं, लिहू नका म्हणाला. चार महिने पावसाळ्याचे धरले तर सरासरी खाली येते एवढं लिहायला हरकत नाही.

काळ्या टाकीचं झाकण उघडून बघतो. वीज गेल्यामुळे हवेचा दगड अडीच तास बंद होता. आता चालू आहे. क्लोरीनचा वास अजून येतोय, हवा तसा.

९.४०

फोन. हॉटेलचे मालक. मागे सनईची कॅसेट, ताटांचे आवाज.

"भाऊ, मागची भिंत दिसायला लागली हो! पाहुणे फोटो काढतायत."

"मासे वर येतात का?"

"अं... नाही, खालीच फिरतायत."

"कल्ले?"

मालक बघायला जातात. फोनमध्ये नुसती सनई. परत येऊन सांगतात, सकाळपेक्षा शांत वाटतात. मग म्हणतात, नवऱ्या मुलीचा धाकटा भाऊ मागे लागलाय, पाणी साफ झालंय तर थोडं खाणं घालू का, किचनमध्ये दुसरी डबी आहे.

"नको. उद्या सकाळी मी येऊन अमोनिया बघतो. ती डबी पण काढून ठेवा."

"अगदी एक चिमूट?"

"परवा. मी असताना."

फोन ठेवून त्याने वहीत उद्याच्या पानावर हॉटेलचं नाव वर लिहिलं आणि पुढे, आरओ वीस लिटर.